सोडून दिलेले मासे

खूप खूप वर्षांमागे एका नदीकाठी एक गाव होतं. नदीला बारमाही पाणी आणि पाण्यात भरपूर मासे. आता एवढं सुख असल्यावर माणसं भांडायला काहीतरी शोधणारच. या गावची माणसं मासे धरण्यावरून भांडत. धरावेत की नाही यावर नव्हे हं, कसे धरावेत यावर.

वरच्या डोहावर गळवाले बसत. घरी खाऊन-पिऊन सुखी, हौसेने मासे धरणारी मंडळी. खालच्या डोहात भिवरा नावाची म्हातारी भोईण आणि तिचे दोन मुलगे जाळं टाकत. घरात सहा माणसं, आणि सहाही जणांचं पोट त्या जाळ्यावर होतं.

गळवाल्यांचे म्होरके होते तात्या. माणूस भला. पण आपल्या भलेपणाची त्यांना फार जाणीव होती, आणि ती दुसऱ्यांनाही असावी अशी त्यांची इच्छा असे. गळाचा उलटा काटा त्यांनी कानशीने घासून टाकला होता, म्हणजे माशाचं तोंड फाटू नये. काठीवर वीतभर अंतरावर खूण केली होती. त्या खुणेपेक्षा लहान मासा लागला की तात्या तो मापून पुन्हा पाण्यात सोडत. "जा बाबा, मोठा हो," असं वर म्हणतही.

दिवसाला दहा-बारा मासे ते असे सोडत, आणि गावात ज्याला त्याला सांगत.

गळवाल्यांच्या रोज सकाळी चर्चा चालत. एक म्हणे, गळाला गांडूळ टोचणं हे पाप, कणकेची गोळी लावावी. दुसरा म्हणे, कणीक लावणं ही फसवणूक, गांडूळ निदान खरं तरी असतं. गांडुळाला कोणी विचारलं नाही. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की जाळं वाईट. जाळं लहानमोठं पाहत नाही.

एका उन्हाळ्यात नदीची धार फार बारीक झाली आणि खालच्या डोहात मेलेले मासे तरंगू लागले. आज दोन, उद्या तीन. बहुतेक सगळे वीतभरही नसलेले, अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी आलेले. गळवाले ते टोपलीत घालून थेट पाटलांच्या ओसरीवर गेले.

"पाटील, ही भोईण डोहात गेळफळं ठेचून टाकते," तात्या म्हणाले. "त्या विषाने मासे झिंगतात आणि आयते हाती लागतात. आम्ही इकडे पिल्लं जपायची आणि हिने तिकडे ती मारायची. हिला नदीबंदी करा."

पाटलांनी भिवरेला बोलावून घेतलं. तिने टोपलीतले मासे नीट पाहिले, एक उचलून वासही घेतला.

"विष घातलं असतं तर एका सकाळी सगळा डोह पांढरा झाला असता, पाटील. हे एकेक करून मरताहेत. हे दुखणं आहे."

"तुझ्या जाळ्यात बारके मासे येत नाहीत का?" पाटलांनी विचारलं.

"येतात. खोटं कशाला बोलू? बारके येतात ते आम्ही कालवणात घालतो, उरले तर वाळवतो. एकही फेकत नाही."

"ऐकलंत?" तात्या म्हणाले. "स्वतःच्या तोंडाने सांगते आहे."

नदी सुटली तर या वयात सहा माणसं घेऊन जायचं कुठे, हे भिवरेच्या डोक्यातून जात नव्हतं. ती म्हणाली, "पाटील, तुमच्या दारात गुरांना पाणी पाजायच्या दोन दगडी डोण्या आहेत. एकीत तात्यांनी धरलेले तीन मासे ठेवा, एकीत मी धरलेले तीन. पाणी नदीचंच घाला, रोज बदला. माझे मासे दुखण्याने मेले तर मी त्याच दिवशी गाव सोडीन."

तात्यांना हे पटलं. पटणारच, त्यांना स्वतःबद्दल शंका अशी कधी आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील स्वतः नदीवर आले. भिवरेने जाळं टाकलं, काठाशी ओढलं, आणि जाळं पाण्यात असतानाच तीन लहान मासे घागरीत उतरवून घेतले. हात लावायची वेळच आली नाही.

तात्यांनी आपल्या रीतीने काम केलं. कमरेची पुरचुंडी सोडली, चुलीतली कोरडी राख दोन्ही तळव्यांना चोळली. राख लावली की बुळबुळीत मासा हातातून निसटत नाही, हे गळवाल्यांना बापजाद्यांपासून ठाऊक होतं. मग मासा घट्ट धरून गळ हलक्या हाताने सोडवला, काठीवरच्या खुणेशी लावून मापला आणि घागरीत टाकला. असे तीन.

दोन्ही डोण्यांवर पाटलांचा रखवालदार बसला. पहिले दोन दिवस सहाही मासे सारखेच पोहत होते. तिसऱ्या दिवशी तात्यांच्या डोणीतले मासे तळाशी बसले. पाचव्या दिवशी पाटलांनी सगळ्यांना बोलावलं. तात्यांचा एक मासा मेला होता, बाकीचे दोन आडवे झाले होते. भिवरेचे तिन्ही डोणीच्या कडेने गिरक्या घेत होते.

"योगायोग," तात्या म्हणाले. "माझ्या डोणीचं पाणी खराब असेल."

"पाणी एकाच नदीचं आहे, तात्या. जरा मासा हातात घ्या," भिवरा म्हणाली.

तात्यांनी मेलेला मासा उचलला. त्याच्या एका बाजूला बुरशीचे चार पांढरे पट्टे होते आणि दुसऱ्या बाजूला एक रुंद डाग. त्यांनी मासा नेहमीसारखा धरला. चार बोटं चार पट्ट्यांवर बसली आणि अंगठा डागावर.

मग भिवरा म्हणाली, "तात्या, माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा हे त्याचं पांघरूण असतं. तुमच्या राखेने ते पुसून निघतं. उघडं पडलं की दुखणं शिरतं. तुम्ही सोडता तेव्हा तो पोहत जातो, ते तुम्हाला दिसतं. पुढे तो खाली आमच्या डोहात येऊन मरतो. एरवी धारेबरोबर वाहून जातो, यंदा धार बारीक म्हणून तुम्हाला दिसला."

तात्या डोणीच्या काठावर बसले. वीस वर्षं, रोज दहा-बारा. त्यांनी हिशोब करायचा नाही असं ठरवलं आणि तरीही तो मनात होत राहिला. त्यांना स्वतःची शरम वाटली आणि डोळे भरून आले.

"मी तुझ्यावर आळ घेतला, भिवरे," ते म्हणाले. "माझं चुकलं."

पाटलांनी भिवरेलाच विचारलं, "यांना काय शिक्षा द्यायची?"

"शिक्षा कशाला? गळाला लागला तो घरी न्यावा आणि खावा, लहान असो की मोठा. घरापुरते झाले की उठावं."

पाटलांनी हाच नियम केला. गळवाल्यांपैकी काहींनी लगेच गळ मोडून ठेवले. चार माशांत सकाळ आटोपायची तर मग मोठेपणा मिरवायला वेळ कुठून आणायचा? तात्या मात्र येत राहिले. चौथा मासा लागला की दोरी गुंडाळून उठत. आपण कसे मासे धरतो, हे त्यांनी पुन्हा कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यातही धार तशीच बारीक झाली, पण खालच्या डोहात मेलेला मासा तरंगला नाही. भिवरेचं जाळं तिथेच पडत राहिलं.

सोडून दिलेल्याचं पुढे काय झालं हे पाहिल्याशिवाय आपण दया केली असं म्हणू नये.