तिथीला मालक

पंचांगाचं अ‍ॅप बनवणाऱ्या एका कंपनीत वालावलकर नावाचे मुख्य अभियंता होते. त्यांनी ‘महापंचांग’ नावाचा एक अवाढव्य क्लास, म्हणजे पंचांगाची सगळी माहिती आणि गणितं एकत्र बांधलेला कोड, लिहिला होता. तो कुठेही वापरला गेला की त्यांच्या मोबाइलवर मेसेज यायचा. पण वर्षभर मोबाइल गप्पच होता, कारण सगळे त्यांच्या हाताखालच्या शाल्मलीने लिहिलेलं छोटंसं, सुटं फंक्शन वापरत. त्याला तारीख दिली की तिथी मिळे, बास.

त्या फंक्शनचं कौतुक कानावर आलं की वालावलकर साहेब चहा अर्धा टाकून उठत. एकदा भर मीटिंगमध्ये ते म्हणाले, “सुटं फंक्शन म्हणजे बेवारस कोड. ते माझ्या क्लासमध्ये घाला, त्याची मेथड करा. ज्याला तिथी हवी, त्याने आधी महापंचांग उभं करायचं आणि मग त्याला विचारायचं.”

शाल्मली म्हणाली, “साहेब, तिथी काढताना मागचं काहीच लक्षात ठेवावं लागत नाही. एवढ्याशा तिथीसाठी दर वेळी अख्खं महापंचांग कशाला उठवायचं?”

“मी सांगतो म्हणून.”

तिने संध्याकाळपर्यंत सांगितलं तसंच करून दिलं.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. गावोगावचे लोक पहाटेपासून अ‍ॅप उघडून तिथी बघू लागले आणि दर वेळी साहेबांच्या उशाशी मोबाइल वाजू लागला. ऑफिसात कंपनीच्या मालकांसमोरही तो थांबेना. शेवटी साहेब तणतणत शाल्मलीच्या टेबलापाशी आले.

“एवढ्याशा तिथीसाठी दर वेळी मला कशाला उठवायचं?”

“साहेब, काल मीही हेच विचारलं होतं,” शाल्मली म्हणाली. “तुम्ही म्हणालात, मी सांगतो म्हणून.”