रोबोचा खांदा

"मग आता तरी पूर्ण झाला म्हणायचं का, बाई?"

यशोधन पोतदारने रोबो टेबलावर ठेवला आणि एक पाऊल मागे सरला. खेळणं वीतभर उंचीचं, पण ठेवलं असं, जणू देव्हाऱ्यात मूर्ती बसवतोय.

ठोसरबाई चष्मा पुसत राहिल्या.

मिरजेच्या शाळेत बाईंनी जन्मभर चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर त्या या रोबोंच्या नादी लागल्या. बाजारातून खेळण्यातला रोबो आणायचा, कारखान्याचा रंग खरवडून काढायचा आणि त्याला आपल्या मनासारखं रूप द्यायचं. छंद पोरकट, पण बाईंचा हात असा की शिकायला पार पुण्याहून माणसं यायची. टेबलाभोवती स्टुलं मात्र मोजकीच. त्यातलं एक सध्या रिकामं होतं, आणि यशोधनला ते हवं होतं. मागे एकदा बाईंनी त्याला "अजून नाही" एवढंच सांगून परत पाठवलं होतं. तेव्हापासून घरची सराफी पेढी सांभाळून उरलेला सगळा वेळ त्याने या एका रोबोवर घातला होता.

बाजारातली माणसं जाणतात, "कितीला घेता" असं विचारतो तो विकणारा. "कसा झालाय" असं विचारतो त्याला माल विकायचा नसतो, त्याला दाद हवी असते. बाईंनी कधी दुकान चालवलं नव्हतं, पण दादेचं गिऱ्हाईक त्या बरोबर ओळखायच्या.

"छातीवरची ही वेलबुट्टी कुठली?"

"आपल्या मिरजेच्या तंबोऱ्यावरची. एका केसाच्या ब्रशने काढलीय."

"एका?"

"...दोन-तीन असतील."

"असू देत. चांगली उतरलीय."

टेबलापाशी बसलेली बाईंची शिष्या शकिला खुदकन हसली. यशोधनने तिकडे लक्ष दिलं नाही.

"आणि हा तांब्याचा रंग, बाई. पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचा, पुन्हा द्यायचा. वरून लॅकरचा चकचकीत थर. आता तुम्हीच खांद्याचा सांधा शोधून दाखवा! भल्याभल्यांना सापडला नाही."

बाईंनी चष्मा लावला. रोबो हातात घेऊन उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिला.

"खरंच सापडत नाही."

यशोधनची छाती फुगली. डोळा नकळत रिकाम्या स्टुलाकडे गेला.

"आता याला हात वर करू दे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"हात. वर."

"बाई, तो... सांध्यावर रंग बसलाय. हलवला तर तडकेल."

"आणलास तेव्हा हलत होता?"

"तेव्हा हलायचा."

बाईंनी रोबो पुन्हा टेबलावर ठेवला. अंगठा आणि तर्जनी त्याच्या दंडावर टेकवली. जोर दिला नाही. नुसती टेकवली...

यशोधनने झडप घालून बाईंचं मनगट पकडलं.

सगळ्या स्टुलांवरचे ब्रश थांबले.

"पोतदार," शकिला हळूच म्हणाली, "तो बाईंचा हात आहे. रोबोचा नव्हे."

त्याने चटका बसल्यासारखा हात सोडला. बाईंच्या मनगटावर त्याची बोटं उमटली होती.

"चुकलो, बाई."

"कशाला चुकतोस?" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "तुझा रोबो पूर्ण झालाय. घरी घेऊन जा. शकिला, याला चहा दे गं. आलं घाल."

चहा झकास होता. यशोधनने तो घाईघाईने संपवला. त्याने रोबो कापसात गुंडाळला, डबीत घातला, वाकून नमस्कार केला. पेढीच्या दर्शनी कपाटात काचेची पेटी तयारच होती. लोक येतील, बघतील, वाहवा करतील. बाईंनी तोंडाने सांगितलं होतं, पूर्ण झालाय.

तो पायरी उतरला आणि तिथेच थांबला.

त्याच्या आजोबांकडे एकदा एक बाई सोन्याच्या पाटल्या मोडायला आली होती. आजोबा कसोटीचा दगड पुढे ओढू लागले, तर ती घासू देईना. ओरखडा उठेल म्हणे. आजोबांनी वाद घातला नाही. पाटल्या फडक्यात बांधून परत दिल्या, पाणी विचारलं, पेढा दिला, दारापर्यंत पोचवलं. लहानग्या यशोधनने विचारलं, "आजोबा, खोट्या होत्या?"

"कोण जाणे. तिला कळू द्यायचंच नव्हतं," म्हणाले होते आजोबा. "अशा माणसाशी गोड बोलावं आणि दार उघडं ठेवावं. जायला."

यशोधनच्या जिभेवर आल्याची चव अजून रेंगाळत होती. त्याने मागे वळून पाहिलं. दार उघडंच होतं.

तो तसाच आत शिरला. कुणाशी बोलला नाही. डबी उघडली, कापूस बाजूला केला, रोबो उभा केला आणि त्याचा उजवा हात दोन बोटांत धरला.

हात हलेना.

त्याने जोर लावला... आणखी लावला...

कट्.

तांब्याचा एक लांबलचक पापुद्रा खांद्यापासून सुटला आणि छातीवरची अर्धी वेलबुट्टी सोबत घेऊन टेबलावर पडला. खाली कारखान्याचं राखाडी प्लास्टिक उघडं पडलं. हात मात्र वर गेला होता.

"च्च्..." शकिलाने डोळे मिटून घेतले.

यशोधनचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. देवळाला मोठी देणगी देऊन एखाद्याने पाटीवर नाव कोरलं जायची वाट बघावी, तसा तो उभा होता.

"केला वर, बाई," तो म्हणाला. "आता बसू?"

बाईंनी रोबोकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या यशोधनच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या...

"दुसरा हात."