ऊन आत्ता आहे

जनावरं एकमेकांची विचारपूस करत, त्या काळची गोष्ट. वैशाखातलं लग्न होतं. भर दुपारी काजळी म्हैस तळ्याच्या चिखलात निवांत बसली होती. काठावर वरातीचा घोडा जरीची झूल मिरवत उन्हात उभा होता.

"काजळे, गावात पाहुणे आलेत. चिखलात लोळताना लाज नाही वाटत?"

"राजे, वरात संध्याकाळी आहे, ऊन आत्ता आहे. झूल उतरवा, पाणी प्या, सावलीत बसा."

"मग लोक बघणार काय?" घोडा फुरफुरला.

दिवस कलायच्या आत त्याला भोवळ आली. वरातीत नवरदेव पायीच चालला. लोकांनी पाणी मारमारून घोड्याला कसंबसं उठवून तळ्यात उतरवलं.

"काजळे, जरा सरकतेस?"

काजळी लगेच सरकली. "या, राजे. इथं बघायला कुणी नाही."