उंबरठ्यावरचं माप

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात नव्या सुनेचा स्वभाव तिच्या पायावरून ठरवत असत. नवरी उंबरठ्यावरचं तांदळाचं माप लवंडून घरात येई आणि गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई वाकून बघे. तांदूळ लांब गेले तर सून वाघीण, जवळच सांडले तर गाय. म्हातारी एकदा बोलली की ते नाव बाईला जन्मभर चिकटे.

त्या गावातल्या एका घरी थोरल्या सुनेचे तांदूळ थेट देवघरापर्यंत गेले. ती वाघीण झाली. पुढे धाकटी आली, तिच्या मापातून मूठभर तांदूळही धड सांडले नाहीत. ती गाय ठरली. सासूला बरं वाटलं. एक भांडायला झाली, एक ऐकायला.

मग बांधावरून तंटा झाला की थोरलीला पुढे करायचं, गावकीत बोलायचं झालं की थोरलीलाच. तिला ताप आला तर सासू म्हणे, "वाघिणीला काय होतंय?" आणि धाकटी नुसती शिंकली तरी तिच्यासाठी आल्याचा काढा उकळे. थोरली त्या काढ्याचा वास घेत भाकऱ्या थापी आणि आतून जळे. हिला न मागता मिळतं आणि मला मागायचीही चोरी, हे तिच्या मनातून जात नसे.

धाकटीही काही कमी जळत नव्हती. तिच्या स्वतःच्या मुलीचं नाव काय ठेवायचं, हेसुद्धा थोरलीला विचारलं गेलं. गायीला काय विचारायचं? बारशाला ती हसतमुख बसली होती, पण पाळण्याची दोरी तिने इतकी आवळली होती की तळहातावर वळ उठला.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. इथे दोन्ही डोंगर एकाच चुलीपाशी जेवत होते, तरी एकमेकींना साजरेच दिसत.

एका उन्हाळ्यात त्यांच्या मिरचीच्या रोपांना पाण्याची पाळी आली. त्याच सकाळी वरच्या शेजाऱ्याने पाट अडवून पाणी आपल्या मळ्यात वळवलं. दोघे भाऊ बाजाराला गेलेले. थोरली तापाने अंथरुणावर पडली होती. सासू दाराशी येऊन म्हणाली, "थोरले, ऊठ. पाणी नाही आलं तर रोपं करपतील."

"आज तुमच्या गायीला पाठवा," थोरली म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. धाकटी रडत परत येईल, मग माझी किंमत कळेल, असं तिला वाटलं.

धाकटी मात्र या दिवसाची वाट बघत होती. तिने फावडं उचललं आणि अनवाणीच निघाली.

शेजारी तिला बघून हसला. "वहिनी, तुम्ही कशाला आलात? थोरल्या वहिनी कुठे आहेत?"

"पाळी आमची आहे," धाकटी म्हणाली. आवाज एवढा चढला की मळ्यालगतच्या घरात थोरलीलाही ऐकू गेला. शेजारी मागे सरला आणि तिने पाटात घातलेला बांध फोडला.

थोरलीला ते सोसवेना. काढा तर हिचा होताच, आता वाघीणही हीच होणार. ती तशीच तापात उठून मळ्यावर धावली.

पाणी मळ्यात शिरलं होतं, पण धाकटीला ते वाफ्यावाफ्याने वळवता येईना. ती एक तोंड बुजवी तोवर दुसरं फुटे. कोवळी रोपं मुळासकट वाहू लागली. थोरली बांधावर उभी राहून बघत होती, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. एक वाफा गेला. दुसरा गेला. तिसराही गेला.

तेवढ्यात धाकटीने वर पाहिलं. "जाऊबाई, मला कुणी शिकवलंच नाही हो."

थोरलीला स्वतःचीच लाज वाटली. ती चिखलात उतरली, पण दोन पावलांतच तिला भोवळ आली. धाकटीने तिला सावरलं आणि हात लावताच दचकली. "एवढा ताप? आणि कुणाला बोलला नाहीत?"

"वाघिणीला कोण विचारतं?"

मग थोरली बांधावर बसून सांगत गेली आणि धाकटी पाणी वळवत गेली. अर्धा मळा वाचला. अर्धा दोघींच्या जळण्यात वाहून गेला.

पाय धुताना धाकटीने विचारलं, "जाऊबाई, तुमचं माप एवढ्या लांब कसं हो गेलं?"

"लुगड्यात पाय अडकला गं. पडता पडता लागला मापाला. आणि तुझं?"

"वाटेत अंगठ्याला ठेच लागली होती. पाय उचलवेना."

एवढ्यावरून इतकी वर्षं गेली होती.

पुढे थोरलीच्या मुलाचं लग्न झालं. नवरीने माप लवंडलं. म्हातारी नेहमीसारखी वाकली, पण ती बघायच्या आत दोघी जावांनी हातांनी सगळे तांदूळ गोळा करून सुपात भरले.

"अगं, बघू तरी द्या. कशी आहे ही?" म्हातारी कुरकुरली.

"आम्हालाही अजून माहीत नाही," थोरली म्हणाली.

धाकटी नवरीकडे वळली. "दमलीस का गं? आधी पाणी देऊ की जेवतेस?"

नवरी थोडा विचार करून म्हणाली, "आधी जरा बसू द्या."

तात्पर्य: बाईला वाघीण म्हटलं की तिचा ताप दिसत नाही आणि गाय म्हटलं की तिचं मत. नाव ठेवण्याआधी तिलाच विचारावं.