न विचारता दिलेला मणी

एका राज्यात माणसे पस्तिशीतच म्हातारी होत. आधी बोटे ताठरत, मग त्यांवर साल चढे, आणि सात-आठ वर्षांत अख्खे माणूस अंगणातले झाड होऊन जाई. घरचे त्या झाडाला पाणी घालीत, सणासुदीला हळदकुंकू लावीत. यात कुणाला नवल वाटत नसे.

संताप येई तो एकट्या वैदीण रेवणेला. तिचा नवरा सोमदत्त कमरेपर्यंत लाकूड झाला होता. ही बाई कधी खाली टेकत नसे. जेवायची ती उभ्याने, मुळ्या निवडायची त्याही उभ्याने.

"बस की घटकाभर," सोमदत्त म्हणे.

"बसायला तुम्ही आहात की," असे म्हणून ती पुन्हा पळे.

व्याधीचे मूळ शोधायला माणसे हवीत, वर्षे हवीत, सोने हवे. सोने होते. पिढ्यान्‌पिढ्या प्रजेने सुगीला दिलेला वाटा राजवाड्याच्या तळघरात पडून होता, पण त्याला कुणी हात लावीत नसे. रेवणेने दरबारात तो मागितला, तेव्हा राजा चंद्रकेतूने आपले ताठरू लागलेले पाऊल सावरले आणि सिंहासनावर बसलेल्या भारद्वाज पक्ष्याकडे बोट दाखवले.

भारद्वाज म्हणाला, "माझा धनी मांत्रिक होता. याच व्याधीवर उतारा शोधीत होता. या राजाचे आजोबा त्याला रोज पुसत, फळ कधी? एके दिवशी चिडून त्यांनी त्याचे मस्तक उडवले. मरताना तो शाप देऊन गेला. या सोन्यावर चाललेल्या कामाचे फळ कधी, असे जो पुसेल, त्याच्या शब्दासरशी खजिन्याचा एक तृतीयांश कोळसा होईल."

"आणि उःशाप?" रेवणेने विचारले.

"कुणीतरी आपल्याजवळचे शेवटचे सोने द्यावे आणि काहीही पुसू नये."

"सोने घेऊन जा," राजा म्हणाला. "तोंड मिटून बसणे आम्हांस जमेल."

जमले नाही. रेवणेने सोळा वैद्य जमवले. कुणी साल खरवडून पाही, कुणी उंदरांना लागण करून त्यांची शेपटी रोज चाचपी. पहिल्याच वर्षी राजाचा गुडघा ताठरला आणि त्याच्या तोंडून निघून गेले, "फळ कधी?" तळघरात तडतड झाली. दुसऱ्या वर्षी प्रधानाने हाच प्रश्न कागदावर लिहून पाठवला, म्हणजे शापाला ऐकू जाणार नाही. शापाला वाचता येत होते.

तिसऱ्या वर्षी एका उंदराची शेपटी मऊ पडली. रेवणा ते सांगायला घरी धावली, तर सोमदत्ताच्या ओठांवर साल चढलेली. डोळे तेवढे तिच्याकडे लागले होते. ती तशीच माघारी फिरली, मुळ्यांच्या परातीवर मूठ आपटली आणि भान सुटून ओरडली, "याचे फळ कधी येणार?"

तळघरात शेवटची तडतड झाली. राजाला आणि प्रधानाला तिने मनात किती शिव्या घातल्या होत्या; आता त्यातली प्रत्येक तिला स्वतःलाच लागली.

दुसऱ्या दिवशी ती चावडीवर उभी राहिली आणि जमलेल्या लोकांना म्हणाली, "तुमच्या सोन्याचा कोळसा झाला. शेवटचा हिस्सा मीच घालवला. काम अर्धे आहे. पुरे होईल की नाही, मला सांगता येत नाही."

मग छत्तिशीची एक म्हातारी कुंभारीण पुढे आली. अंगठ्याचे लाकूड झालेले, तरी तिने गळ्यातली काळी पोत तोडली आणि त्यातला एकुलता सोन्याचा मणी रेवणेच्या हातावर ठेवला. आता ही विचारणार, या भीतीने रेवणेने डोळे मिटले.

"काढा लई कडू नगं करू, बाई," कुंभारीण म्हणाली. "पोरं थुंकून टाकत्यात." आणि ती आपल्या चाकाकडे परत गेली.

तळघरातला कोळसा तडकला आणि आत सोने जसेच्या तसे निघाले. त्यानंतर त्या राज्यात खजिना कामाला लागला तो थांबला नाही. फळ कधी, हे कुणी पुसेना. काय दिसले, एवढेच पुसत, आणि रेवणा ते दर सुगीला चावडीवर सांगे.

सातव्या वर्षी काढा साधला, आणि तोही रेवणेला नव्हे, तिने शिकवलेल्या एका मुलीला. पहिला घोट कुंभारणीला दिला, कारण तिची आता मानच तेवढी वळत होती. दुसरा राजाला. महिन्याभरात साली गळू लागल्या, आणि माणसे पस्तिशी ओलांडून चालू लागली.

सोमदत्ताला पालवी फुटून तेव्हा तीन वर्षे झाली होती. रेवणेने घडाभर काढा त्याच्या मुळांशी ओतला आणि तिन्हीसांजेपर्यंत उभी राहून वाट पाहिली. काही झाले नाही. पाने हलली, ती वाऱ्याने.

मग तिने घडा उपडा ठेवला, पदराने कपाळ पुसले आणि बुंध्याला पाठ लावून खाली बसली.

"बसले हो," ती म्हणाली.