उरलेल्या संध्याकाळचे रांजण

एका राज्यात, जिथे नद्या राजाला विचारून वळण घेत आणि पोपट दरबारात साक्ष देत, तिथे प्रतापभानू नावाचा राजा होता. सात समुद्रांपलीकडचे शत्रू त्याला शरण आले होते, पण पोटच्या पोराकडून सातचा पाढा लिहून घेणं काही त्याला जमलं नव्हतं. राजपुत्र मकरंद पाटी घेऊन पाटावर बसला, की त्याला तहान लागे. पाणी पिऊन झालं, की लेखणीचं टोक मोडे. टोक काढून झालं, की पायाला मुंग्या येत. दिवेलागण होई, पाढा तिथल्या तिथे. राज्यात घरोघरी हीच गत होती.

थोरली राजकन्या कुमुदिनी मात्र पाटावर बसतच नसे. एक गणित सोडवी, तळ्याला चक्कर मारून येई, मग दुसरं सोडवी. कविता तर ती झोपाळ्यावर पाठ करी. काम वेळेत होई, तरी सगळे तिला चंचल म्हणत. शिवाय ती प्रश्न फार विचारी, आणि मोठ्या माणसांना उत्तरं येत नसली की ती माणसं तिलाच रागावत.

अखेर राजानं कालकेतू जादूगाराला बोलावलं.

“अभ्यास संपेपर्यंत एकही मूल पाटावरून उठता कामा नये.”

“उठणार नाही, महाराज. पण अभ्यास संपल्यावर मुलांचा जो वेळ उरेल, तो माझा.”

राजा हसला. उरलेल्या वेळात पोरं करतात काय, तर धूळ उडवतात! त्यानं ओंजळीतलं पाणी सोडलं आणि वचन पक्कं झालं.

दुसऱ्याच दिवशी नवल घडलं. ज्या मुलाचा अभ्यास संपे, त्याची संध्याकाळ नाहीशी होई. शेवटचा अंक लिहून मूल मान वर करी, तो बाहेर रात्र! मुलं काही खुळी नव्हती. लवकर संपवून मिळतं काय, काहीच नाही. मग घाई कशाला? ती एकेक अक्षर गिरवत बसून राहिली. आणि जी फार वेळ बसली, त्यांची पावलं दगडाची झाली. कुमुदिनी पाटावर बसतच नव्हती, म्हणून तिचे पाय तेवढे शाबूत राहिले.

मकरंद गुडघ्यापर्यंत दगड झाला, मग कमरेपर्यंत. राजवैद्यानं त्याच्या पायांना तेल चोळलं, तर वैद्याचेच तळहात सोलवटले.

“मकरंदा, लिहून टाक ना एकदाचं,” कुमुदिनी म्हणाली.

“कशाला, ताई? संपलं की रात्र होते. नाही संपवलं, तर खिडकीतून ऊन तरी दिसतं.” मग तो हळूच म्हणाला, “आणि आता बोटंही वळत नाहीत.”

दगड गळ्यापर्यंत आला की भाऊ गेला, हे कुमुदिनीला कुणी सांगायला नको होतं. सगळे दगडावर औषध शोधत होते. तिला मात्र भलताच प्रश्न पडला होता: नाहीशा झालेल्या संध्याकाळी जातात कुठे?

तिनं तो मंत्र्यांना विचारला, गुरुजींना विचारला. शेवटी रानात जाऊन उंबरावरच्या धनेश पक्ष्याला विचारला. त्याची बायको झाडाच्या ढोलीत, दार लिंपून, पिलांपाशी बसली होती. तो फटीतून तिला फळ भरवत होता.

“काळ्या डोंगरात कालकेतूची गुहा आहे,” धनेश म्हणाला. “तिथे रांजणांत संध्याकाळी भरून ठेवल्यात. हात लावू नकोस. लावणारा दगड होतो.”

“तुझी बायको एवढे दिवस बसून आहे. ती कशी दगड होत नाही?”

“दार तिनं स्वतः लिंपलंय. मनात येईल तेव्हा ती ते फोडते.”

कुमुदिनीनं हे नीट ऐकून घेतलं आणि डोंगराची वाट धरली.

गुहेत रांजणांची रांगच रांग होती. झाकणांच्या फटींतून पिवळं ऊन झिरपत होतं, आतून विटीदांडूचा आवाज येत होता. कुमुदिनीनं त्या संध्याकाळी परत मागितल्या, तेव्हा कालकेतूनं पाण्याच्या घंगाळात तळाशी भोक असलेलं तांब्याचं घटिकापात्र सोडलं. पाणी आत चढू लागलं.

“तीन कामं केलीस तर संध्याकाळी परत मिळतील. पात्र बुडायच्या आत पहिली दोन कर. तिसरं मग सांगेन.”

पहिलं काम म्हणजे गुंतलेल्या सुताचा ढीग, हत्तीएवढा. ती नुसती बघत राहिली आणि तेवढ्यात पात्र पाव बुडालं. मग तिनं ढिगाकडे पाठ केली, हाताला लागलं ते एक टोक धरलं आणि तेवढंच सोडवलं. पहिली गाठ सुटली तशी दुसरी सैल झाली, आणि सूत आपणहून उलगडत गेलं.

दुसरं काम होतं मोरांना दाणे टाकायचे, दिव्यांच्या वाती वळायच्या आणि एका चिडक्या राक्षसाची नखं कापायची. दाणे टाकायला हात शिवशिवत होते. पण अंगात जोर आहे तोवर राक्षस उरकावा, असं म्हणून ती आधी त्याच्याकडे गेली. तो गुरगुरला, तिनं नखं कापली. मोर आणि वाती तर हसतखेळत झाल्या. पात्र अजून तरंगत होतं.

“झालं की!” ती म्हणाली. “आता हा उरलेला वेळ कुणाचा?”

“माझा. तुझ्या बापानं दिलाय.”

“पण काम मी केलं. जे तातांचं नव्हतंच, ते त्यांना देता कसं आलं?”

कालकेतूचा चेहरा पडला. इतक्या राज्यांत त्यानं हा सौदा केला होता, हे कुणी विचारलं नव्हतं.

“हेच तिसरं काम,” तो दात ओठ खात म्हणाला. “हे राजाकडून भर दरबारात वदवून घे. राजे चुकल्याचं कबूल करत नाहीत, पोरी!”

कुमुदिनी धावत परतली. मकरंदला पाटासकट दरबारात आणलं होतं. दगड छातीच्या वर चढला होता. तिनं सगळं सांगितलं.

राजा खाली मान घालून बसला. “राजाचा शब्द मागे फिरत नाही, कुमुदिनी. आज फिरवला तर उद्या कोण मानेल?”

“तात,” मकरंद म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. “मी लिहीन. पण हा पाढा झाला की तुम्ही दुसरा देणार ना?”

देणारच होता राजा. नेहमी तसंच करत आला होता. मूल मोकळं दिसलं की त्याला काहीतरी द्यायचं. जादूगार येण्याच्या कितीतरी आधीपासून! हे उमगलं तसा तो सिंहासनावरून उतरला आणि मुलासमोर खाली बसला.

“तो वेळ माझा नव्हता,” राजा सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मी दुसऱ्याची वस्तू दान केली. मी चुकलो.”

काळ्या डोंगरात रांजण फुटले. साठलेल्या संध्याकाळी उसळून राज्यभर पसरल्या. घरोघरी मुलांचे पाय मऊ झाले, आणि कालकेतू त्या उजेडात मिठासारखा विरघळून गेला. मकरंद उठला, लंगडत दोन पावलं चालला, मग बाहेर पळाला.

तेव्हापासून त्या राज्यात घरोघरी घटिकापात्र आलं. ते पाण्यात कधी सोडायचं, आधी काय लिहायचं, बसून की झोपाळ्यावर, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ठरवलेलं मात्र पुरं करायचं. त्यानंतर काय केलंस, असं मुलाला विचारायची मोठ्यांना मनाई झाली.

एके दिवशी सातचा पाढा पुरा लिहून मकरंद अंगणात गोट्या खेळत होता. राजा बराच वेळ उंबऱ्यात घुटमळला. मग म्हणाला, “हा वेळ तुझा आहे. मला त्यात येऊ देशील?”

मकरंदनं एक डोळा मिटून नेम धरला.

“थांबा, तात. एवढा डाव होऊ द्या.”

आणि राजा थांबला.