न वाळलेली निळी रेघ

फार वर्षांपूर्वी, द्निप्रो नदी आजच्याहून रुंद होती आणि माणसं तिला दबकून असत, तेव्हाची ही गोष्ट. युक्रेनमधल्या या नदीच्या काठी ओसोकिव्का नावाचं गाव. तिथे मोत्र्या नावाची चित्रकार राहायची. तिची आई आजारी. मोठ्या चुलीवरच्या उबदार ओट्यावर ती निजून असायची, आणि तिला नदी दिसत नसे. म्हणून मोत्र्या रोज काठावर जाई आणि आईसाठी नदी कागदावर घेऊन येई. घाईचं असेल ते पाण्याच्या रंगात, टिकायचं असेल ते तेलाच्या रंगात, असा तिचा नेम. आई तो कागद उशाशी ठेवायची आणि सकाळी उशी ओली लागायची, असं म्हणतात.

एका वसंतात नदीवरचा बर्फ असा काही कडाडला, की झोपलेली कुत्रीसुद्धा उडाली. पाणी गावात शिरलं. सगळे टेकडीकडे पळत सुटले. पण आईला हलवलं असतं तर वाटेतच तिचा जीव गेला असता. मोत्र्या थांबली. तिने घराच्या पांढऱ्या भिंतींना, पायथ्याशी, पाण्यात कालवलेल्या निळ्या रंगाची रेघ ओढली.

"याच्यापुढे यायचं नाही," ती नदीला म्हणाली.

नदीने रेघ चाटून टाकली.

आता राहिला तेलाचा रंग. तर त्यात घालायचं जवसाचं तेलच संपलेलं! टेकडीकडे निघालेल्या शेजारच्या पारास्काकाकू बोचकं टाकून आपल्या स्वयंपाकघरात धावल्या आणि बुधली घेऊन आल्या.

"काकू, हे सूर्यफुलाचं आहे."

"मग? तेल ते तेल."

"हे लवकर वाळत नाही हो. यात कांदा तळतात."

"तर मग नदीला तळ. पण हात चालव, बाई."

मोत्र्याने हात चालवला. पाणी आलं, रेघेला टेकलं आणि घसरलं. पुन्हा आलं, पुन्हा घसरलं. वाळलेला रंग भिंतीचा होतो, ओला रंग हाताचाच राहतो. आणि मोत्र्याचा हात नदीच्या रोजच्या ओळखीचा होता, असं म्हणतात.

आतून आईने विचारलं, "थांबली का गं?"

"थांबली, मामो." तिकडे आईला मामो म्हणतात.

"मग माझ्याभोवतीच काय गिरवत बसलीस? काकूचं घर वाहून जाऊ द्यायचं का?"

झालं! मोत्र्या रंगाची बादली घेऊन धावली, पारास्काकाकू टेकडीकडे तोंड करून ओरडल्या, आणि माणसं घरोघरच्या तेलाच्या बुधल्या घेऊन खाली धावली. दारामागून दार, भिंतीमागून भिंत, निळी रेघ पळत होती आणि तिच्यामागे नदी. शेवटच्या घराशी रेघ पोचली आणि नदी वळली. त्या वर्षी ओसोकिव्कात कुणी कांदा तळला नाही, असं म्हणतात.

अजूनही बर्फ फुटायच्या आधी त्या गावात भिंतींच्या पायथ्याशी निळा पट्टा ओढतात. जवसाचं तेल मिळतं, तरी सूर्यफुलाचंच घेतात. पाहुण्यांचे कपडे खराब होतात, पण कुणी माफी मागत नाही. आणि कुणी दूरगावी निघालं, की घरातली म्हातारी माणसं त्याला दारातच अडवतात.

"असं कोरडं जाऊ नकोस," म्हणतात. "भिंतीला टेकून जा."